चित्राभोवती बसताना
(बालवाडी व अंगणवाडीच्या ताईंसमोर केलेले भाषण)



आहुपे, हातवीजकडच्या काही जणी पहाटेची एसटी धरून आल्यात, म्हणून लांबण लावत नाही.

दिवाळीनंतर आपल्या वर्गात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. भात झोडून झालं की डोंगरातली माणसं नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. लेकरंही सोबत जातात. चार महिन्यांनी मूल परत येतं, तेव्हा त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. ते दाराशी बसतं. कुणी हाकलत नाही, पण खेळात घेतही नाही. आपण म्हणतो, "त्याला पण घ्या रे." मुलं घेतात आणि आपली पाठ फिरली की सोडून देतात.

इथे चित्रांचं पुस्तक कामाला येतं. ते मैत्रीवरचंच हवं असं नाही. शेवटच्या पानावर 'सर्वांशी प्रेमाने वागा' असं छापलेली पुस्तकं मला तरी फारशी उपयोगी वाटली नाहीत. मुलं ते वाक्य घोकतात आणि दाराशी बसलेलं मूल दाराशीच राहतं.

एका वाडीवर पाहिलेलं सांगते. पुस्तकात ओढ्याचं चित्र होतं, दगडाखाली खेकडा. ताईने विचारलं, "हा कुठं राहतो?" भट्टीवरून आल्यापासून गप्प असलेली एक कातकरी पोरगी सरकत पुढे आली. बिळात हात कसा घालायचा, नांगी चुकवून कसं धरायचं, सगळं हाताने करून दाखवलं, आपल्या बोलीत सांगितलं. ताईने तिची बोली सुधारली नाही, हे मला फार आवडलं. दुपारी दोन पोरं तिच्यामागे ओढ्याकडे निघाली, त्यांना धरून आणावं लागलं!

अक्षराच्या पुस्तकात जे मूल मागे असतं, ते चित्रात पुढे असू शकतं. शेकरू, हिरडा, खाचरातली आवणी हे तर आपल्या मुलांनी रोज पाहिलेलं असतं. म्हणून पुस्तक निवडताना आधी दाराशी बसणारं मूल डोळ्यांसमोर आणा. त्याला सांगता येईल असं यात काय आहे? माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घेतलं, तर राधाच्या घरावरून प्रत्येकाच्या घरात कोण कोण आहे इथवर बोलणं जातं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, छापूनही घेता येतात.

एका वेळी सहा-सात मुलंच घ्या. पंचवीस जणांना लहान पुस्तक दिसत नाही, आणि मागे राहणारी नेहमी तीच असतात. पान पटकन उलटू नका. "यातून काय शिकलात?" हे तर विचारूच नका. आणि चित्रात गरीब मूल असलं तर वर्गातल्या कुणाकडे बोट दाखवू नका. "हिच्यासारखंच आहे बघा" एवढं म्हटलं की ते लेकरू पुन्हा बोलत नाही.

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. हरिजन वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी त्यांना बोल लावला नाही, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. 1975 च्या सरकारी योजनेत तो देशभर गेला. मूल आपल्यापर्यंत येत नसेल तर सरकायचं आपण, हे त्या नावातच आहे.

तेव्हा पुस्तक घरीही जाऊ द्या, भट्टीवर निघालेल्या मुलाबरोबर तर नक्की. आई-बापांना वाचता येत नसलं तरी चित्र बघून ते सांगतील, कदाचित आपल्यापेक्षा जास्त. फाटेल म्हणून कपाटात ठेवू नका. फाटलं तर भाताच्या शितांनी चिकटवा.

आता चहानंतर पेटीतली पुस्तकं बघू. प्रत्येकीने एक न्यायचं, आणि पुढच्या बैठकीला सांगायचं की ते उघडल्यावर पहिलं कोण बोललं.