न्हाणीघरातलं छोटं कपाट

भांडीधुणी आटोपून जरा टेकला असाल. आज बोलूया न्हाणीघरात, संडासात लावायच्या छोट्या कपाटाबद्दल. तुम्ही म्हणाल, बाई, संडासात कसलं आलंय कपाट? मलाही तसंच वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाईंचा नातू आला होता, चार वर्षांचा. संडास घासायचं ॲसिड आम्ही सरबताच्या जुन्या बाटलीत भरून कोपऱ्यात ठेवलेलं. पोरानं टोपण काढलं, बाटली तोंडाला लावणार तेवढ्यात सासूबाईंनी हिसकावली. पोर वाचलं. सासूबाईंच्या मनगटावर डाग आहे अजून.

त्याच दिवशी मी तो कोपरा रिकामा केला. बादलीमागं एक पिशवी सापडली. आत माझ्या लेकीच्या पाळीच्या घड्या, ओल्याच. मी रागावले, तर म्हणाली, "मग कुठं ठेवू, आई? सगळ्यांना दिसतं." माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हा ठरवलं, कपाट घ्यायचं.

दुकानात जायच्या आधी आत काय ठेवायचं ते ठरवा. ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर सगळ्यात वरच्या कप्प्यात, त्याला कडी हवीच, आणि प्रत्येक वस्तू तिच्या मूळ बाटलीत नाहीतर डब्यात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधी एकत्र करू नका, विषारी वायू होतो. मधल्या कप्प्यात, मुलीचा हात पोचेल तिथं, झाकणाच्या डब्यात पॅड किंवा घड्या. पण मैत्रिणींनो, घडी साबणानं धुऊन, उन्हात कडक वाळवूनच डब्यात जाऊ द्या. कपाट आडोसा देतं, ऊन देत नाही. गोळ्या-औषधं मात्र इथं नकोत, दमटपणानं खराब होतात.

आता माप. आमचा संडास तीन फूट रुंद. खोल कपाट लावलं असतं तर उठताना डोकं आपटलं असतं. सहा इंच खोली पुरली. संडासाचं दार आत उघडतं की बाहेर, ते बघा. कपाटाचं दार उघडून बादली घेऊन उभं राहता येईल का, तेही बघा. घरच्या सुतळीनं माप घेऊन गाठ मारा आणि ती सुतळी दुकानात न्या.

फसगत होते ती फळ्यांत. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीला वरून सनमायका लावला की ती प्लायवूडसारखीच दिसते. पाणी लागलं की फुगते, मग बिजागरी सुटते. म्हणून कपाटाची मागची, न झाकलेली कड बघा. भुसा दिसला तर नको म्हणा. लोखंडी पत्रा गंजतो, ॲसिडच्या वाफेनं तर लवकरच. पीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकच्या फळ्यांचं कपाट ओलाव्याला टिकतं. आम्ही मात्र जुन्या दाराच्या सागवानी फळ्या सुताराकडं नेल्या. आतून-बाहेरून ऑइलपेंट दिला आणि हवेसाठी बाजूला चार भोकं पाडली.

कपाट जमिनीवर ठेवू नका, पाणी मारताना भिजतं. पक्क्या भिंतीत ड्रिल मारून स्क्रूनं बसवून घ्या. विषाचा कप्पा मोठ्या बाईच्या डोक्याच्या उंचीला. खाली बादली उपडी ठेवू नका, पोरं त्यावर चढतात.

आणि कधी घात झालाच, मुलानं ॲसिड प्यायलं, तर उलटी करायला लावू नका. 108 ला फोन करा, दवाखान्यात ती बाटली सोबत न्या. अंगावर सांडलं तर भरपूर वाहत्या पाण्यानं धूत राहा.

आमच्या कपाटाला दोन कड्या आहेत. वरची माझी. मधली लेकीची. पहिल्या दिवशी तिनं ती चार वेळा लावून बघितली, बोलली काही नाही.

आज घरी गेलात की आधी संडासाचा कोपरा बघा. सरबताच्या बाटलीत काय भरलंय? आणि मुलीला विचारा, तुझं सामान तू कुठं ठेवतेस? कपाट त्यानंतर घ्या.