वाऱ्याचे दान आणि पठाराचा मान



सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारा सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो आणि पठारावर भरभरून वाहतो. त्या वाऱ्यातून वीज निर्माण करणे आणि आयात इंधनावरील परावलंबन घटविणे हे राष्ट्रहिताचेच कार्य आहे. तेव्हा प्रश्न पवनचक्की हवी की नको, हा नाही. ती कोठे आणि कोणाला विचारून उभारावी, हा आहे.

महसुली कागदांत अशा कातळपठारांची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते. या एका शब्दाने फार मोठे नुकसान केले आहे. चाळकेवाडी परिसरातील कातळावर गळ्याखाली रंगीत झालर असलेला एक सरडा राहतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे नव्या प्रजातीत वर्णन केले आणि त्या प्रजातीला ‘सरडा’ हे मराठी नावच दिले. याच पठारावरील मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण सुमारे चौपटीने कमी आढळले. शिकारी हटल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. परंतु त्यांची सावधगिरी कमी झाली, अंगकाठी खालावली आणि नरांच्या झालरीचे रंगही फिके पडले. पाती फिरतात आकाशात. त्यांचा परिणाम मात्र जमिनीवरच्या जिवापर्यंत पोहोचतो. ज्या भूमीला पडीक म्हटले, ती जिवंत होती.

जी गोष्ट सरड्याची, तीच शेजारच्या वाडीची. पात्यांचा अखंड घरघराट, उन्हात घरावरून सरकणारी त्यांची सावली आणि यंत्रे चढविण्यासाठी डोंगर कापून केलेले रस्ते हे सारे गावकऱ्यांच्याच वाट्याला येते. आवाजाचा त्रास टळावा म्हणून वस्तीपासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की नसावी, असे केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही. त्यामुळे जे कायदा विचारीत नाही, ते समाजाने विचारावयास हवे.

नियोजनाचा क्रम कसा असावा? वाऱ्याची मोजणी वर्षभर चालते. त्याच वर्षात पक्षी, वटवाघळे आणि वनस्पतींचीही नोंद तिन्ही ऋतूंत व्हावी. गरुड आणि ससाणे कड्यालगतच्या चढत्या वाऱ्यावर तरंगतात. म्हणून मनोरे कड्याच्या ओळीपासून आत घ्यावेत. देवराई, पाणवठे आणि गुरांच्या चराईच्या वाटा नकाशावर प्रथम आखाव्यात, मनोऱ्यांचे ठिपके नंतर. ग्रामसभा जमिनीच्या व्यवहारापूर्वी व्हावी, नंतर नव्हे.

वीजवाहिन्यांचाही विचार तितकाच आवश्यक आहे. राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोक पक्षी तारांवर आदळून मरतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो बदलून हा विषय तज्ज्ञ समितीकडे सोपविला. जागेची निवड आरंभीच डोळसपणे झाली, तर असे प्रश्न न्यायालयाच्या दारी जात नाहीत.

उपाय दूरचे नाहीत. नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार पवनचक्क्यांचे प्रत्येकी एक पाते काळे रंगविले, तेव्हा तेथील पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे २०२० च्या अभ्यासात दिसले. प्रयोग लहान होता, तरी तो येथेही करून पाहण्याजोगा आहे. सह्याद्रीवरील जुनी, लहान यंत्रे बदलण्याची वेळ येत आहे. थोड्या पण मोठ्या यंत्रांतून तितकीच वीज मिळू शकते. त्या वेळी कड्यावरच्या व वस्तीलगतच्या जागा मोकळ्या करण्याची संधी दवडू नये.

देवराईत कुऱ्हाड न नेण्याचा नियम पूर्वजांनी कोणत्याही अधिसूचनेवाचून पाळला. निसर्गाकडून घ्यावे, पण मर्यादा राखून घ्यावे, ही त्यामागील दृष्टी. ज्यांच्या गावाजवळ असा प्रकल्प येऊ घातला आहे, त्यांनी ग्रामसभेत नकाशा मागावा, वर्षभराच्या पक्षिनोंदी मागाव्यात आणि मगच संमतीचा हात वर करावा. वारा सर्वांचा आहे. त्याचे दान घेताना पठाराचा मान राखला जावा.