अंगावरून पांढरे जाणे आणि गर्भनिरोधक गोळ्या



‘माला-एन’सारखी गोळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने मधूनच लालसर वा तपकिरी डाग दिसू शकतो. दुर्गंधी वा खाज नसलेला पांढरट स्रावही स्वाभाविक असतो. तेवढ्याने घाबरून गोळी मध्येच सोडू नये. गर्भ राहण्याचा संभव असतो.

परंतु दह्यासारखा स्राव व खाज, माशासारखी दुर्गंधी, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणे किंवा संबंधानंतर रक्तस्राव असल्यास तपासणी आवश्यक आहे. गोळी गर्भधारणा टाळते, लैंगिक संसर्ग नव्हे. त्यासाठी निरोधच वापरावा.

संकोचापोटी दुखणे अंगावर काढू नका. पतीने व सासूबाईंनीही सोबत यावे. वेळीच ओळखलेला संसर्ग बहुधा साध्या औषधांनी बरा होतो.