छत्तीस गुण आणि ब्याण्णव टक्के

(महिला दिनानिमित्त एका महाविद्यालयात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी विषय सांगितला तेव्हा मी आधी हसले. विषय असा : समजा, साथ कधी संपलीच नाही. माणसे कायमची आपापल्या खोलीत. कुणाला भेटायचे नाही, शिवायचे नाही. प्रेम कुणावर करायचे ते यंत्र ठरवणार, तुमच्या सवयींचा हिशेब मांडून एक नाव हातात देणार. अशा समाजात बाईचे काय होईल, यावर बोला. मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना पुढच्या महिन्याच्या खोलीभाड्याची चिंता असते. त्यात ही भविष्यातली कल्पना कुठे बसवू? पण विचार करायला बसले आणि वाटले, यातले निम्मेअधिक तर आपण पाहून बसलो आहोत.

कल्पना तशी जुनीच आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९०९ साली ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा लिहिली. त्यात माणसे जमिनीखाली एकेकट्या खोलीत राहतात, पडद्यावरून बोलतात. एकमेकांना स्पर्श करण्याची रीत मोडली आहे. कथेतल्या मुलाला बाप व्हायचे आहे. त्याचा अर्ज नामंजूर होतो, कारण त्याच्यासारखी माणसे पुढे चालावीत अशी यंत्राची इच्छा नाही. मूल जन्मले की आईबापांचे कर्तव्य संपले, असाही तिथे नियम. अगदी अलीकडे, २०१७ मध्ये, ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेच्या ‘हँग द डीजे’ या भागात यंत्र जोड्या लावते आणि ही जोडी किती काळ टिकणार ती मुदतही सांगते. बारा तास किंवा पाच वर्षे. नको असले तरी मुदत भरावीच लागते. हे ऐकून मुली हसतात. मला मात्र आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका आठवतात. फरक इतकाच की त्यांना मुदत कुणी सांगितलेली नसते.

आणि आपण स्वतःला यंत्राबाहेरचे समजतो का? आपल्याकडे पत्रिका जुळवतात ते काय आहे? आठ कूटे आणि छत्तीस गुण. वर्णाचा एक, वश्याचे दोन, असे वाढत वाढत नाडीचे आठ. अठरा जमले तर पुढे बोलायचे, एकनाड निघाली की स्थळ परत. हा हिशेबच आहे, फक्त पंचांगातून केलेला. त्यातल्या पहिल्याच गुणाची गंमत पाहा. मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा असला, तरच तो मिळतो. म्हणजे गणित सुरू होण्याआधीच कोण वर आणि कोण खाली ते ठरलेले. हिशेब कुणी मांडला आणि कुणाच्या सोयीने, हा प्रश्न मला यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता एका बाईची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने सांगते, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. २०२१ च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. आठवते ना, तेव्हा आपल्या राज्यात लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास एवढीच मुभा होती. स्थळ एका विवाहजुळणीच्या संकेतस्थळावरून आलेले. पाहण्याचा कार्यक्रम फोनच्या पडद्यावर. एरवी तिच्या मावशीने मुलाच्या गावी जाऊन दुकानात, शेजारी, पार चक्कीवाल्यापर्यंत चौकशी केली असती. या चौकशांचा मला एरवी राग येतो, मुलीच्या चारित्र्याचीच जास्त होते. पण कधीकधी त्यातून एखादी मुलगी वाचतेही. त्या वर्षी जिल्ह्याची हद्द ओलांडायलाही कारण दाखवावे लागत होते. मग भरवसा कशावर? संकेतस्थळाने दोघांच्या नावांपुढे लिहिले होते : जुळणी ब्याण्णव टक्के.

अर्जात उंची होती, पगार होता, पोटजात होती, शाकाहारी की मांसाहारी हेही होते. राग आला की हा माणूस काय करतो, याला रकाना नव्हता. लग्नानंतर नवऱ्याचे काम घरूनच चाले. तिचा फोन तो रोज रात्री तपासायचा, माहेरी बोलायचे ते त्याच्यासमोर. हात उचलला तो तिसऱ्या महिन्यात. ती आमच्याकडे आली दीड वर्षाने. पहिल्या भेटीत ती म्हणाली, “ताई, जुळणी ब्याण्णव टक्के होती. म्हणजे उरलेले आठ टक्के माझ्यातच कमी असणार.”

मी एम.एस.डब्ल्यू. केले तेव्हा समुपदेशनाचे तास पुष्कळ झाले. या वाक्याला काय उत्तर द्यायचे ते कुठल्याच तासात आले नव्हते. ‘नशिबात होतं’ म्हणणाऱ्या बाईशी कसे बोलायचे ते आता मला जमते. पण आकडा नशिबापेक्षा हट्टी असतो. नशिबाला निदान शिव्या देता येतात.

टाळेबंदीच्या सुरुवातीच्या दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे येणाऱ्या तक्रारी बऱ्याच वाढल्या होत्या. २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात ११६, आणि २३ मार्च ते १ एप्रिल या दिवसांत २५७. घराचे दार बंद झाले की आत काय होते, ते समजायला भविष्यात जायला नको.

मागे एका शिबिरात एक मुलगी उठून म्हणाली, “ताई, तुम्ही यंत्राला नावं ठेवता, पण माझ्या घरचे शोधतील ते जातीतलंच, आणि नाही म्हटलं तर कॉलेज बंद. त्यापेक्षा यंत्र बरं. त्याला जात कळत नाही.” मी पटकन उत्तर देऊ शकले नाही, कारण तिचे निम्मे खरे होते. घरातल्या पुरुषांपेक्षा अनोळखी यंत्र बरे वाटावे, ही घराची शोभाच आहे! पण यंत्र शिकते ते आपल्याकडूनच. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय लग्ने सुमारे पाच टक्केच निघाली. उरलेल्या पंचाण्णवांवर शिकलेले यंत्र कुणाचे नाव पुढे करील? रंगाचेही तसेच. शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळे गाळण्याची सोय होती. २०२० च्या जूनमध्ये बायकांनी आवाज उठवला, तेव्हा ती निघाली.

गणिताची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये जोड्या लावण्याची एक रीत मांडली. समजा, मुलांनी मागणी घालायची. प्रत्येकाने आधी आपल्या पहिल्या पसंतीच्या मुलीकडे जायचे. मुलीने आलेल्यांतला त्यातल्या त्यात बरा धरून ठेवायचा, बाकीच्यांना नकार द्यायचा. नकार मिळालेल्यांनी पुढच्या पसंतीकडे जायचे. शेवटी जोड्या अशा लागतात की मोडून एकमेकांकडे पळावे, असे दोघांनाही वाटेल अशी जोडी उरत नाही. पण त्यातली खोच अशी : टिकाऊ जोड्या ज्या ज्या तऱ्हांनी लागू शकतात, त्यांत मागणी घालणाऱ्या बाजूला सर्वांत चांगले मिळते आणि वाट पाहणाऱ्या बाजूला सर्वांत कमी. मुलींनी मागणी घातली की हेच उलटे होते. म्हणजे ‘मुलीने पुढाकार घेऊ नये’ या संस्काराची किंमत गणिताने सिद्ध केलेली आहे. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालये नेमून देण्यासाठी अशीच रीत वापरतात. आधी मागणीची बाजू रुग्णालयांची होती. त्यावर टीका झाली आणि १९९८ पासून ती डॉक्टरांची केली. नियम माणसांनी केलेला होता, म्हणून माणसांना तो बदलता आला.

माझ्याबद्दलही सांगते, नाहीतर तुम्ही विचारणारच. टाळेबंदीत माझ्या आईने मला न विचारता माझे नाव अशाच एका ठिकाणी घातले. ‘स्वभाव’ या रकान्यात तिने लिहिले, ‘तडजोड करणारी’. यंत्राने त्यावर विश्वास ठेवला आणि मला जी स्थळे यायला लागली ती विचारू नका! आई अजून म्हणते, “अगं, खरं लिहिलं असतं तर एकही आलं नसतं.”

त्या बाईने घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली अर्ज केला आहे. संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल कोर्टात गेला, राहण्याच्या हक्काचा अंतरिम आदेश मिळाला. ती आता शिवणाचे काम करते आणि तारखांना एकटी जाते. पण तिचा लग्नातला फोटो त्या संकेतस्थळावर ‘यशस्वी विवाह’ या पानावर अजून आहे. यंत्राच्या लेखी लग्न लागले की यश. पुढे काय झाले ते त्याला कुणी कळवत नाही, आणि त्याच यशावरून ते पुढच्या जोड्या लावत असणार. फोटो काढा आणि हे लग्न त्या यादीतून वजा करा, अशी दोन पत्रे आम्ही तिच्या सहीने पाठवली. पहिल्याचे उत्तर आले : आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतो आहोत.