नाव आणि हिशेब



अध्यक्षाने चार गोड शब्द बोलावेत आणि सत्काराची शाल सावरत खाली बसावं, अशी रीत आहे. आज मी ती पाळणार नाही. गेली काही वर्षं संगीताच्या प्रत्येक संमेलनात एकच रडगाणं ऐकू येतं: इंटरनेटने गाणं फुकट केलं आणि कलावंत देशोधडीला लागला. टाळ्या पडतात, ठराव होतो, मंडळी चहाला उठतात. माझ्या मते हे निदानच चुकलं आहे आणि ते चुकवण्यात आपली सोय आहे, कारण त्यात आपल्याकडे कसलंच काम उरत नाही. गाण्याची नक्कल झाल्याने मराठी कलावंत बुडाला, याला इतिहासात आधार सापडत नाही. त्याचं नाव गाण्यापासून तुटलं आणि गाण्याचा हिशेब दुसऱ्याच्या वहीत गेला, तिथे तो बुडाला. ही दोन्ही दुखणी इंटरनेटच्या आधीची आहेत. इंटरनेटने ती वाढवली हे खरं, पण ती बरी करण्याचं साधनही आज तेच आहे.

आधी नावाचं बघू. अभंग, पोवाडा, बंदिश हे सारं नकलेवरच जगलं. दिंडीत अभंग म्हणायला कुणी परवानगी काढली नाही, आणि एका गावचं कीर्तन दुसऱ्या गावात रंगलं म्हणून कुणी दावा लावला नाही. पण शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा ओवलेली असे. शाहीर पोवाड्याच्या अखेरीस आपलं नाव घाली, ख्यालात ‘सदारंग’ येई. गाणं हजार तोंडी गेलं तरी कर्ता त्याच्याबरोबर जाई. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या, तेव्हा गाणं संपताच त्या स्वतःचं नाव पुकारत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना गाणाऱ्याची ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू. म्हणजे यंत्राच्या पहिल्या पिढीलाही नावाची गरज कळली होती. आज आपल्या फोनवर काय दिसतं? चित्रपटाचं पोस्टर आणि गायकाचं नाव. गीतकाराचं नाव हवं असेल तर आत खणत जावं लागतं, आणि लावणी, भीमगीत, कोळीगीत असेल तर तिथेही बऱ्याचदा ‘पारंपरिक’ एवढाच शिक्का. ज्याचा कवी माहीत आहे, त्याला पारंपरिक म्हणणं ही चोरीच आहे, आणि ती कुठल्या चाच्याने केलेली नाही. माहिती भरणाऱ्याने रकाना रिकामा ठेवला आणि आपण कुणी त्याला हटकलं नाही.

आता हिशेब. तबकडीच्या काळात ‘सोन्याचे दिवस’ होते, असं सांगणाऱ्यांनी जुने करार काढून वाचावेत. एकदा ठरावीक रक्कम घ्यायची आणि हक्क कायमचे लिहून द्यायचे, ही सर्रास पद्धत होती. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा दोघेही दाराबाहेर राहिले. हे दार थोडं उघडायला २०१२ उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असं ठरलं. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर भांडले. मधली ३५ वर्षं कलावंताचा घास कुणी पळवला? त्यातली पहिली दोन दशकं तर आपल्या घरांत इंटरनेट जवळजवळ नव्हतंच.

नकलेने कलावंत बुडत नाही म्हटलं की विचारतात: ‘मग सगळं वाटून टाका म्हणता का? घरची विद्या बाजारात मांडायची?’ हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो शंभर वर्षं जुना आहे. मुंबईच्या वकिलीतून संगीताकडे वळलेले विष्णू नारायण भातखंडे घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करत हिंडले, त्यांना स्वरलिपी दिली आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांतून त्या छापल्या. घराण्याचं धन उघड्यावर आलं की घराणं संपेल, अशी भीती तेव्हाही होती. घराणी संपली नाहीत. उलट ज्याला कुणी उस्ताद दारात उभं करणार नव्हता, त्याच्या हाती बंदिश आली. १९८०च्या दशकात कॅसेटने हेच आणखी खालच्या थरापर्यंत नेलं. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओची पायरी ज्यांना कधी चढता आली नसती, ते भीमगीतांचे, भक्तिगीतांचे, लोकगीतांचे गायक गावच्या बाजारात पोचले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज या स्वस्त फितीवरूनही घराघरांत गेला. हे सगळं निर्दोष होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. भातखंड्यांना बंदिशी देणाऱ्या किती उस्तादांची नावं आज परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याला येतात? कॅसेटवरच्या किती कवींना दमडी मिळाली? वाटण्याने गाणं वाढलं. देणाऱ्याची नोंद राहिली नाही, तेवढ्यापुरता अन्याय झाला, आणि आपला लढा नेमका तिथे हवा.

दुसऱ्या बाजूच्या भोळसटांनाही सोडून चालणार नाही. ते म्हणतात, आता मधला दलाल गेला, फोनवर गा आणि जगाला ऐकवा. दलाल गेलेला नाही. तो आता मोजणीच्या गादीवर बसला आहे. तुम्ही महिनाभर एकाच भारुडकाराला ऐकलंत तरी तुमची वर्गणी त्याला मिळत नाही. साऱ्या वर्गणीदारांचा पैसा एका ढिगात पडतो आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे हक्कमालकांत वाटला जातो. त्यामुळे तुमच्या पैशाचा मोठा हिस्सा तुम्ही कधीच न ऐकलेल्या गाण्यांकडे जातो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन नाही. कंपनीचं उत्तर असं की इतक्या किरकोळ रकमा कलावंतापर्यंत पोचतच नाहीत. मग त्या साठवून द्यायच्या होत्या; त्या मोठ्यांच्या ढिगात का लोटल्या? दुसरी वाट नाही, असंही नाही. साउंडक्लाउडने २०२१ साली ऐकणाऱ्याचा पैसा त्याने ऐकलेल्या कलावंतांनाच देण्याची पद्धत सुरू केली. तंत्र तेच आहे, वाटणीचा नियम मात्र माणसं ठरवतात, आणि माणसांशी भांडता येतं.

तिसरी गोष्ट सामायिक ठेव्याची. कायद्यात ध्वनिमुद्रिकेचं संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि शब्द व चाल यांचं कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. १९११ सालचं ‘संगीत मानापमान’ घ्या. पदं खाडिलकरांची, ते १९४८ मध्ये गेले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ मध्ये गेले. बालगंधर्वांच्या त्या काळच्या तबकड्यांची मुदतही उलटली. म्हणजे शब्द, चाल आणि आवाज तिन्ही आज तुमच्या-माझ्या मालकीचे आहेत. तरीही एखाद्या शिक्षकाने जुनं नाट्यपद गाऊन यूट्यूबवर ठेवलं तर कुठल्यातरी कंपनीचा दावा येऊन पडू शकतो, कारण तिथलं यंत्र ध्वनी जुळवतं, कायद्याची मुदत मोजत नाही. पुरावा द्यायची जबाबदारी त्या शिक्षकावर, आणि पुरावा मिळेल अशी पूर्ण, खुली यादी मराठीत माझ्या पाहण्यात नाही. ‘गीतरामायण’ मात्र असं मोकळं नाही. माडगूळकर १९७७ मध्ये आणि सुधीर फडके २००२ मध्ये गेले, त्यांच्या वारसांचा हक्क अजून उभा आहे आणि तो पाळलाच पाहिजे. कुठे कुंपण खरं आणि कुठे खोटं, हे सांगता येत नाही तोवर आपण दोन्हीकडे चुकणार: मोकळं असेल तिथे घाबरू आणि हक्काचं असेल तिथे हात मारू.

कुणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. सरकारने मराठी विश्वकोश इंटरनेटवर सर्वांना खुला केला, ते चांगलंच झालं. पण गाण्याची माहिती मंत्रालयात नाही; ती तुमच्या कपाटांतल्या तबकड्यांच्या वेष्टनांवर, नाटकांच्या जाहिरातींत, संग्राहकांच्या वह्यांत आहे, आणि ‘माझा संग्रह’ म्हणून तुम्ही ती कुलपात ठेवली आहे. कंपन्यांना शिव्या घालणाऱ्या संग्राहकाने स्वतःच्या कुलपाबद्दलही बोलावं. आणि आपले गीतकार? कायद्याने दिलेला वाटा मिळवण्यासाठी मानधन गोळा करणाऱ्या संस्थेकडे आपली गाणी नोंदवावी लागतात, एवढी खटपट किती जणांनी केली आहे?

म्हणून इंटरनेटच्या निषेधाच्या ठरावाला माझा पाठिंबा नाही. त्याऐवजी हे संमेलन कामाला लागणार असेल तर मी बरोबर आहे. प्रत्येक मराठी गाण्याचा कवी, संगीतकार, गायक, वादक आणि प्रकाशनाचं साल सांगणारी, कुणालाही वापरता येईल अशी खुली यादी करा. सुरुवात जुन्या नाट्यपदांपासून आणि भीमगीतांपासून करा, कारण एकीकडे मालकी संपली आहे आणि दुसरीकडे नावं पुसली जात आहेत. मुदत संपलेल्या तबकड्या यादीसकट लोकांसमोर ठेवा. आणि त्या यादीच्या बळावर कंपन्यांना विचारा की कवीचं नाव कुठे आहे आणि आमच्या श्रोत्याचा पैसा कुठे गेला. पुराव्याशिवाय विचारलेल्या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. पुढच्या वर्षी इथे जो कुणी अध्यक्ष असेल, त्याने आधी यादीत किती गाणी आली ते विचारावं आणि मगच भाषणाला उभं राहावं.