जिवाणूंची कॅप्सूल आणि गर्भारपण



गर्भारपणाचा चौथा-पाचवा महिना लागला की पुष्कळ जणींच्या अंगावरून पांढरं जायचं प्रमाण वाढतं. सासूबाई म्हणतात, उष्णता झाली, ताक पी. मोठी बहीण म्हणते, अशक्तपणा येईल, डिंकाचे लाडू खा. मोबाईल म्हणतो, प्रोबायोटिक घ्या. औषधाच्या दुकानात ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतंही. वर फुलाचं चित्र, आत दहा कॅप्सूल आणि 'स्त्रीआरोग्यासाठी जिवंत जिवाणू' असं आश्वासन. तपासणीच्या खोलीत अशी पाकिटं पर्समधून निघताना मी रोज पाहते. म्हणून आज या कॅप्सूलबद्दलच बोलायचं ठरवलं आहे.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे निम्म्या जणींची काळजी मिटेल. गर्भारपणात पातळसर, पांढरट, वास नसलेला, खाज न आणणारा स्राव वाढणं हे निरोगी शरीराचं काम आहे. त्याने अशक्तपणा येत नाही. त्याला औषध लागत नाही.

हे काम कसं चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे. १८९२ साली आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने योनीस्रावावर एक ग्रंथ लिहिला. बाळंतरोगाने बायका दगावत होत्या, तो काळ. निरोगी स्त्रीच्या स्रावात त्याला काडीसारखे जिवाणू दिसले आणि ते आम्ल तयार करतात हेही कळलं. हेच लॅक्टोबॅसिलस. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन नावाची साखरेची साठवण होते. ती विघटित झाली की हे जिवाणू त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ एवढा आम्ल राहतो आणि बाहेरच्या बहुतेक रोगजंतूंना तिथे थारा मिळत नाही. गर्भारपणात इस्ट्रोजेन कितीतरी पटींनी वाढतं, म्हणून लॅक्टोबॅसिलसही वाढतात आणि सहसा स्थिर राहतात. म्हणजे ज्या काळात आपण बाहेरून जिवाणू विकत आणायला निघतो, नेमक्या त्याच काळात शरीराने ते घरातच वाढवलेले असतात! मला हे फार विलक्षण वाटतं. इतर सस्तन प्राण्यांत लॅक्टोबॅसिलसचं असं वर्चस्व जवळजवळ आढळत नाही.

अर्थात प्रत्येकीच्या बाबतीत चित्र सारखं नसतं. २०११ साली अमेरिकेत जॅक रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी ३९६ निरोगी स्त्रियांच्या योनीतल्या जिवाणूंची जनुकीय तपासणी केली. बहुतेकींत क्रिस्पॅटस, गॅसेरी, आयनर्स किंवा जेन्सेनी यांपैकी एखाद्या लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं. साधारण चौथाई जणींत मात्र लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जिवाणूंची सरमिसळ, तरीही त्या ठणठणीत होत्या. तेव्हा सरसकट एकच नमुना 'चांगला' ठरवून सगळ्या बायकांना त्यात बसवू नये.

आता कॅप्सूल. पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुधा ऱ्हॅम्नोसस, रॉयटेरी, ॲसिडोफिलस अशी नावं दिसतील. ज्या क्रिस्पॅटसचं योनीत खरं घर असतं, तो अनेकदा यादीतच नसतो. पुष्कळ ठिकाणी वाणाचा, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या प्रकाराचा, क्रमांकही नसतो. प्रोबायोटिकचा गुण वाणागणिक बदलतो. ऱ्हॅम्नोससच्या एका वाणाने केलेलं काम दुसरा वाण करीलच असं नाही. आपल्याकडे अशी बरीच उत्पादनं अन्न-पूरक म्हणून विकली जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार दिवसाच्या मात्रेत सर्वसाधारणपणे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. पण ते गर्भवतीच्या योनीत पोचून उपयोगी पडतात, याचा पुरावा ही संख्या देत नाही.

आणि पोचायचं तरी कसं? गोळी तोंडाने घेतली की जिवाणूंनी जठराच्या आम्लातून वाचायचं, आतडं पार करायचं, गुदद्वारापर्यंत जायचं आणि तिथून त्वचेवरून योनीत शिरायचं. हे अशक्य नाही. कॅनडातल्या संशोधकांनी जीआर-१ आणि आरसी-१४ हे दोन वाण याच हेतूने निवडले, आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत त्यांचे काही उत्साहवर्धक निकाल आले. गर्भवतींवर मात्र हेच वाण नीट तपासले तेव्हा निराशा झाली. जर्मनीत ३२० गर्भवतींना पहिल्या तिमाहीपासून आठ आठवडे हे वाण किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. २०१६ साली निकाल छापून आला, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. लंडनमध्ये सुमारे ३०० गर्भवतींवर असाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२० साली आला. तिथेही योनीतल्या जिवाणूंत फरक पडला नाही. हे प्रयोग निष्पक्षपणे केलेले होते आणि निकाल आपल्याला आवडला नाही म्हणून तो बाजूला सारता येत नाही.

त्याच २०२० साली एक आशादायक अभ्यासही आला. अमेरिकेत क्रिस्पॅटसचा एक वाण, तोही तोंडाने नव्हे तर थेट योनीत, आधी संसर्गाचं औषध देऊन मग अकरा आठवडे वापरला. बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडण्याचा विकार. तो १२ आठवड्यांत परत उलटण्याचं प्रमाण या स्त्रियांत ३० टक्के होतं, तर निष्क्रिय औषध घेतलेल्यांत ४५ टक्के. विज्ञान योग्य दिशेने चाललं आहे, असं मला यावरून वाटतं. पण त्या २२८ स्त्रियांत गर्भवती नव्हत्या, आणि दुकानातली कॅप्सूल म्हणजे तो वाण नव्हे.

'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. बहुतेक निरोगी गर्भवतींना प्रोबायोटिकमुळे मोठा त्रास झालेला दिसत नाही. पण गर्भारपणातला मधुमेह टाळण्यासाठी प्रोबायोटिक देऊन पाहिलेल्या प्रयोगांचा कॉक्रेन या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा वाचला, तेव्हा मी थबकले. चार प्रयोगांतल्या ९५५ स्त्रियांचा हिशेब एकत्र मांडल्यावर, प्रोबायोटिक घेणाऱ्यांत प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातला वाढलेल्या रक्तदाबाचा धोकादायक विकार, जास्त आढळला होता. त्या स्त्रिया मुख्यतः जास्त वजनाच्या होत्या. तेव्हा घाबरून जाऊ नका. पण ज्यांचं वजन जास्त आहे, रक्तदाब वर जातो आहे किंवा आधीच्या बाळंतपणात गेला होता, त्यांनी मनाने कॅप्सूल सुरू करू नये, असं मी स्पष्ट सांगते.

दह्याचं काय? दही, ताक जरूर खा-प्या. त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. विरजणातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले असतात, योनीत नव्हे. म्हणून दही आत लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. आतून पाण्याने किंवा सुगंधी वॉशने धुणंही नको. त्याने आम्लाचा तोल बिघडतो.

मला खरी भीती वेगळीच वाटते. कॅप्सूल सुरू केली की बाई तपासणी पुढे ढकलते. खाज आणि दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव असेल तर बहुधा कॅन्डिडा ही बुरशी असते. तिच्यावर गर्भारपणात चालणारी योनीत ठेवायची गोळी आहे. राखाडी, पातळ, माशासारख्या वासाचा स्राव बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा. त्यालाही गर्भारपणात देता येणारं औषध आहे. आणि अचानक पाण्यासारखं, कपडे भिजवणारं गेलं तर ते गर्भजलही असू शकतं. तेव्हा प्रश्न दिवसांचा नव्हे, तासांचा असतो. रक्त दिसलं, ताप आला, ओटीपोटात कळा आल्या तरीही तसंच.

तपासणी असते तरी केवढी? पीएचची पट्टी स्रावाला लावायची आणि रंग पाहायचा. काचपट्टीवर स्राव घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकायचा, की बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर माशासारखा वास लगेच उठतो. दुसरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अस्तराच्या पेशी दिसतात. निरोगी पेशीची कड स्वच्छ, रेखीव असते. बिघाड असेल तर जिवाणू तिला एवढे चिकटलेले असतात की कड रवाळ होऊन पुसली जाते. काही मिनिटांचं काम आहे, आणि त्यातून कळतं ते कुठल्याही जाहिरातीतून कळणार नाही.

बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि अकाली प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसतो. म्हणून सगळ्यांना शोधून औषध दिलं तर अकाली प्रसूती टळतील, अशी आशा होती. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गर्भवतींची तपासणी करून, कमी जोखमीच्या स्त्रियांना क्लिंडामायसिन देऊन पाहिलं. २०१८ च्या निकालात उशिरा होणारे गर्भपात आणि फार अकाली प्रसूती कमी झालेल्या दिसल्या नाहीत. जिथे नेमक्या औषधाने ही आशा पुरी झाली नाही, तिथे दुकानातली कॅप्सूल बाळाला वेळेपर्यंत पोटात ठेवील, असं कुणी सांगितलं तर त्याला पुरावा विचारा. लक्षणं असतील त्या स्त्रीला मात्र उपचार मिळालेच पाहिजेत.

आपल्या महाराष्ट्रातलाच एक अभ्यास सांगते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यानंतर दवाखाने वाढले, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पण 'खालचं दुखणं' सांगायला बायका आजही थांबतात, आणि कॅप्सूलचा खप त्या थांबण्यावरच वाढतो. याचा मला राग येतो.

शेवटी सभागृहातल्या पुरुषांसाठी. बॅक्टेरियल व्हजायनोसिस पुन:पुन्हा उलटतो तेव्हा औषध बाईनेच घ्यायचं, पथ्य बाईनेच पाळायचं, असा रिवाज आहे. २०२५ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाईबरोबर तिच्या जोडीदारालाही पोटातून औषध आणि लावायचं मलम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत विकार उलटण्याचं प्रमाण ३५ टक्के राहिलं. फक्त बाईला औषध दिलेल्या जोडप्यांत ते ६३ टक्के होतं. अभ्यास गर्भारपणावरचा नव्हता, तरी दवाखान्यात पत्नीबरोबर आत येऊन बसायला आणि डॉक्टरला 'मलाही औषध हवं का?' असं विचारायला एवढं कारण पुरेसं आहे.

आता प्रश्न घेऊ. प्रश्नाच्या चिठ्ठीवर नाव घालायची गरज नाही. कितवा महिना आहे ते मात्र लिहा, आणि पाकीट जवळ असेल तर मागच्या बाजूची नावंही उतरवा.