लग्न मोडलं, पुढं काय? : 'शारदा' पुन्हा पाहताना

सातपूरहून आम्ही बचत गटाच्या बायका तुमच्याशी बोलतोय. दर वेळी आपण कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याची विक्री, रेशनकार्ड अशा गोष्टींवर बोलतो. आज एका नाटकाबद्दल बोलायचं आहे. कामाच्या रामरगाड्यात नाटक कुठून काढलं, असं तुम्ही म्हणाल. पण जरा ऐका. हे नाटक सव्वाशे वर्षांचं जुनं आहे आणि आपल्या घरातल्या लेकींचं आहे. नाव आहे 'संगीत शारदा'.

आम्ही ते दोनदा पाहिलं. पहिल्यांदा आठ वर्षांपूर्वी, दिवाळी फराळाच्या ऑर्डरीतून चार पैसे शिल्लक राहिले तेव्हा. गटातल्या निम्म्या बायकांनी त्याआधी जत्रेतला तमाशा सोडला तर रंगमंच पाहिलाच नव्हता. आणि दुसऱ्यांदा यंदा. तरुण मुलामुलींच्या एका संचानं ते पुन्हा बसवलं आहे, असं कळलं आणि आम्ही पुन्हा कालिदास कलामंदिरात जाऊन बसलो. नाटक तेच, गोष्ट तीच. पण आम्ही हसलो कमी आणि गप्प जास्त झालो. असं का झालं, तेच आज सांगायचंय.

ज्यांना गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. शारदा ही गरीब भटजीची कोवळी पोर. बाप कांचनभट पैशाचा लोभी. भुजंगनाथ नावाचा पंचाहत्तरीचा श्रीमंत म्हातारा, बायको वारलेली, त्याला पुन्हा बोहल्यावर चढायची हौस. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ दोन्हीकडून मलिदा खातो आणि सोयरीक जुळवतो. शारदेची आई इंदिराकाकू जीव तोडून नको नको म्हणते, पण घरात तिचं ऐकतो कोण? कोदंड नावाचा एक तरुण मात्र हे लग्न मोडायचंच, असं ठरवून उभा राहतो.

हे नाटक लिहिलं गोविंद बल्लाळ देवल यांनी. सांगलीजवळच्या हरिपूरचे ते. १८९९ साली इंदूरला किर्लोस्कर नाटक मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग केला. त्याआधीची संगीत नाटकं बहुतेक देवादिकांची आणि राजाराण्यांची. 'शारदा'त पहिल्यांदाच आपल्या शेजारच्या घरासारखं घर रंगमंचावर आलं आणि तेही गाण्यांसकट. तेव्हा बायका नाटकात काम करत नसत. शारदाही मुलगाच व्हायचा, तिच्या मैत्रिणीही मुलगेच. बाईचं दुःख पुरुषाच्या तोंडून का होईना, पण चारचौघांत बोललं गेलं.

आपल्या नाशिकचंही या नाटकाशी एक नातं आहे. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो. पण त्या रात्री तिथं नाटक कोणतं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चाच प्रयोग होता तो. गोळीबार सगळ्यांच्या लक्षात राहिला, शारदा मागे पडली. पोरीबाळींच्या गोष्टींचं बहुतेक वेळा असंच होतं.

आता यंदाच्या प्रयोगाबद्दल. जुनी माणसं सांगतात, पूर्वी संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं ते कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर. या मुलांनी पदं थोडी कमी केलीत, लांबलचक भाषणं छाटलीत. पण ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर तसाच, नांदीही तशीच उभं राहून. शारदेचं काम करणारी मुलगी खरोखरच लहानशी दिसत होती. मागच्या वेळी पाहिलेली शारदा चांगली मोठी बाई होती. गाणं तिचं फार गोड, पण तिच्याकडे पाहून काळजात कालवाकालव झाली नव्हती. यंदा ही पोर मैत्रिणींच्या घोळक्यात थट्टामस्करी करत आली, आणि आमच्यातल्या एक आजी पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं.

पहिल्या वेळी आम्हाला भुजंगनाथाचं भारी हसू आलं होतं. या वयात नवरदेव व्हायची ती घाई, तरुण दिसायचा तो खटाटोप, आणि त्याला झाडावर चढवणारा तो दीक्षित. यंदाही नटानं काम झकास केलं. पण आमची नजर त्याच्यावरून सरकून इंदिराकाकूवर जात होती. ती बोलते, रडते, भांडते आणि शेवटी मुकाट्यानं कामाला लागते. अशी काकू आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. तिच्या हातात ना पैसा, ना कागद, ना निर्णय.

आणखी एक गोष्ट यंदा नीट कळली. मांडवात लग्न मोडतं, पण कशामुळे मोडतं? नवरा पंचाहत्तर वर्षांचा आहे म्हणून? नाही. मुलगी नको म्हणते म्हणून? तेही नाही. वर आणि वधू एकाच गोत्राचे निघतात म्हणून मोडतं. पोरीच्या मनाला जो विचारत नव्हता, तोच समाज गोत्र म्हटल्यावर खाडकन थांबतो. देवलांना लोकांची नाडी चांगली ठाऊक होती. कोणत्या शब्दाला माणसं घाबरतात, ते त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आज गोत्राची जागा शाळेच्या दाखल्यानं घेतली आहे. हे आम्ही अनुभवानं सांगतो. या दोन प्रयोगांच्या मधल्या काळात आमच्या वस्तीत एक लग्न थांबलं. मुलगी सोळा वर्षांची. गावाकडून आलेलं कुटुंब, बाप कंपनीत कंत्राटी कामाला. साखरपुडा म्हणून पाहुणे बोलावले आणि त्यातच लग्न उरकायचं ठरलं. अंगाला हळद लागली होती. कुणीतरी १०९८ वर फोन केला. अधिकारी आले, पोलीस आले, दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली, आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतलं. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेलं. आठ दिवसांत ती घरी परत आली. कायद्याचं काम झालं होतं.

पण पोरीचं काय झालं? नाटकात तेच दाखवलंय. मांडव मोडल्यावर शारदा सुटली असं आपल्याला वाटतं. पण लोक तिच्याकडे बोट दाखवू लागतात. अशी अर्धवट लग्न झालेली मुलगी आता कोण करणार? बाप वेडा होतो. आणि शारदा जीव द्यायला नदीवर जाते. पहिल्या वेळी आम्हाला हा प्रवेश गाण्यासाठी आवडला होता. यंदा आमच्या रांगेत कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. कारण आमच्या वस्तीतली ती मुलगीही लग्न थांबल्यावर दोन महिने नळावर पाणी भरायला आली नव्हती. हळद लागलेली पोर, पांढऱ्या पायाची पोर, असं बायकाच बोलत होत्या. फोन कुणी केला, यावर भांडणं झाली. बापानं मांडवासाठी, आचाऱ्यासाठी व्याजानं पैसे उचलले होते, ते डोक्यावर बसले. त्याचा राग आईवर, आईचा राग पोरीवर.

आमच्या गटानं तेव्हा बैठक घेतली आणि साधं काम ठरवलं. रोज आमच्यातली एक जण त्या घरी चहाला जायची. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. पोरीशी बोलायचं, पण लग्नाचा विषय तिनं काढला तरच. महिन्याभरानं आईला गटात घेतलं. पुढं नियमानुसार तिला अंतर्गत कर्ज दिलं, त्यातून सावकाराचं व्याज थांबलं. ते थांबलं तशी घरातली आदळआपटही थांबली. मग मुलीला विचारलं, तुला काय करायचंय? असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलं असेल. ती पटकन काही बोलली नाही. चार दिवसांनी आली आणि म्हणाली, दहावी राहिलीय. १७ नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसली. पास झाली. आता आपल्या सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकते आहे.

यंदा नाटकाला ती आमच्याबरोबर होती. आधी तिला गोष्ट सांगितली, त्यात काय काय येतं ते सांगितलं आणि यायचं का, असं विचारलं. ती म्हणाली, येते. नाटकात शेवटी कोदंड नदीवर धावत येतो, शारदेला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न होतं. पडदा पडला, टाळ्या झाल्या. शालिमारच्या स्टॉपवर बसची वाट पाहताना ती आम्हाला म्हणाली, "मावशी, कोदंड आलाच नसता तर?"

मैत्रिणींनो, त्या प्रश्नासाठीच आम्ही आज बोलायला बसलो आहोत. १८९९ साली देवलांना दुसरा शेवट सुचवणं अवघड होतं. लग्नाशिवाय मुलीला उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून एका भल्या तरुणाला धावत यावं लागलं. आज जागा आहे. शाळा आहे, आयटीआय आहे, गट आहे. पण लग्न थांबवल्यानंतर पोरीच्या घरी जाणारं कुणी नसेल, तर ती जागा तिला दिसत नाही. अधिकारी कागद करून जातात, ते त्यांचं काम. पुढचं काम आपलं आहे.

हा विषय जुना झाला, असं म्हणू नका. २०१९ ते २१ या काळात सरकारनं केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचात एकीहून जास्त. म्हातारे भुजंगनाथ कमी झाले असतील. पण ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची, धाकटीचं लग्न थोरलीच्याच मांडवात उरकलं तर खर्च वाचतो, ही कारणं आपल्या कानावर रोज येतात. आईबाप कांचनभटासारखे लोभी असतीलच असं नाही. पुष्कळदा ते घाबरलेले असतात. त्यांच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

कायदा थोडक्यात सांगतो. १९२९ सालच्या कायद्यानं मुलीचं वय चौदा ठरवलं. तो मांडणारे हरबिलास सारडा, म्हणून तो सारडा कायदा. नाटकातल्या शारदेशी त्या नावाचा संबंध नाही, कानाला सारखं लागतं इतकंच. १९७८ साली मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस झालं. आता २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. लग्न लावणारे, ठरवणारे, हजर राहून साथ देणारे, सगळे त्यात येतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडीताई त्यांना मदत करतात. शहरात बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जायचं. १०९८ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. आणि लग्न होऊन गेलं असलं तरी दार बंद होत नाही. मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत ते लग्न रद्द करून मागू शकते.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गल्लीत, आपल्या पाड्यावर शाळा सुटलेल्या मुली किती, त्यांची नावं काढा. एखादं लग्न थांबलं असेल, तर त्या घरी पहिले दोन महिने कोण कोण जाणार, त्याच्या पाळ्या लावा. त्या आईला गटात घ्या. आणि मुलीला एकदा तरी विचारा, तुला काय करायचंय? उत्तर लगेच येणार नाही. थांबा.

आणि 'शारदा'चा प्रयोग जवळपास कुठं लागला, तर जरूर जा. पुस्तकही मिळतं, वाचनालयात विचारा. आपल्या सासवांना न्या, आणि मुलींना आधी विचारून न्या. भुजंगनाथाला पोटभर हसा. पण मांडव मोडल्यावर उठून चालू लागू नका. त्याच्या पुढचा प्रवेश आपल्यासाठी आहे.

नमस्कार. आम्ही सातपूरच्या बायका, पुढच्या वेळी पुन्हा भेटू.